यतीवर खापर



'काली रिव्हर रॅपिड्स' हे नाव बदला अशी मागणी करणारं सहीपत्रक बहुतेकांच्या इनबॉक्समध्ये येऊन पडलं असेलच. मला ते चार ठिकाणांहून आलं. त्यातल्या दोघांनी 'तू पीएचडी आहेस, तुझ्या सहीला वजन येईल' अशी पुस्तीही जोडली होती. (माझं संशोधन पॉलिमरवर आहे. देवीच्या नावाबाबत त्याला किती वजन यावं, ते देवीच जाणे.) मी सही केलेली नाही. परवा एका वाढदिवसाला यावरून शब्दाने शब्द वाढला आणि 'तुम्हा पुरोगाम्यांना आपल्या देवाधर्माचा अपमान झाला तरी काही वाटत नाही' हे ऐकून घ्यावं लागलं. ज्यांनी ऐकवलं ते माझे वीस वर्षांचे मित्र आहेत, अडीनडीला धावून येणारे. त्यांना उत्तर देणं मला भाग आहे, आणि केक कापताना ते देता येत नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांनी ही जागा पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. फ्लोरिडात ऑरलँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डमध्ये 'अ‍ॅनिमल किंगडम' नावाचं पार्क आहे, १९९८ साली उघडलेलं. त्यात पुढच्या वर्षी 'आशिया' हा विभाग सुरू झाला. हा आशिया म्हणजे 'आनंदपूर' नावाचं एक काल्पनिक राज्य. थोडा भारत, थोडा नेपाळ, थोडा थायलंड, थोडं बाली, असं सगळं एका पातेल्यात घालून शिजवलेलं. (नाव वाचून मला आधी आनंदवन आठवलं. पण ते माणसांनी स्वतःच्या हातांनी उभं केलेलं गाव आहे. असो.) या आनंदपुरात चक्रनदी नावाची नदी आहे आणि तिच्यावर बारा जणांच्या गोल तराफ्यात बसून भिजायची राईड आहे. ती ही 'काली'.

नावात खोडसाळपणा असेलही. माझं म्हणणं वेगळं आहे. आनंदपुरात कोणाचा तरी अपमान झाला आहे हे मलाही वाटतं, पण ज्यांचा झाला आहे त्यांचा उल्लेख सहीपत्रकात कुठेच नाही. ते कोण, हे सांगायला मला तुम्हाला शेजारच्या डोंगरावर न्यावं लागेल.

तो डोंगर म्हणजे 'एक्स्पेडिशन एव्हरेस्ट' ही रोलर कोस्टर, एप्रिल २००६ मध्ये सुरू झालेली. डोंगर उंचीला २०० फुटांच्या किंचित आत. सर्वांत मोठा उतार ८० फुटांचा. शाळेतलं दोन जी एच घेऊन वर्गमूळ काढा, ताशी जवळजवळ ५० मैल वेग येतो, आणि राईडचा जाहीर केलेला वेगही तेवढाच आहे. पोटात जो गोळा येतो तो एवढ्या गणितातून येतो. या समीकरणात आनंदपूर नाही, चहा नाही, यती नाही. लोखंडी सांगाड्यावर रूळ टाकून गाडी सोडली असती तरी किंकाळ्या तेवढ्याच ऐकू आल्या असत्या. म्हणजे वरची जी गोष्ट आहे ती कोणीतरी बसून, विचार करून, पैसे खर्चून रचली आहे. तिला यंत्राची गरज म्हणून सूट देता येत नाही. गोष्ट रचणाऱ्याला लावायचे सगळे प्रश्न तिला लावता येतात.

आता ती गोष्ट. १९२० आणि ३० च्या दशकांत 'रॉयल आनंदपूर टी कंपनी' आपला चहा डोंगरातून रेल्वेने नेत असे. मग अपघात होऊ लागले. स्थानिक लोक म्हणाले, डोंगराचा रक्षक यती कोपला. रेल्वे बंद पडली. अनेक वर्षांनी नॉर्बू आणि बॉब या दोघांनी 'हिमालयन एस्केप्स' ही पर्यटन कंपनी काढून तीच चहाची गाडी पर्यटकांसाठी पुन्हा सुरू केली. आपण त्या गाडीचे प्रवासी. गाडी शिखराजवळ पोहोचते तर पुढचे रूळ उखडून वाकवलेले. मग ती उलटी, अंधारात मागे येते, सावलीत यती रूळ उपटताना दिसतो, आणि तिथून घसरगुंडी.

आम्ही २०२३ च्या डिसेंबरात गेलो होतो. बरोबर माझे वडील होते. वडील रेल्वेत होते, भुसावळला, लोको शेडमध्ये फिटर. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना रोलर कोस्टरमध्ये बसवण्याचा प्रश्नच नव्हता, पण 'स्टेशन बघतो' म्हणून ते रांगेत आमच्याबरोबर शेवटपर्यंत आले.

ती रांग खरंच बघण्यासारखी आहे, हे कबूल केलंच पाहिजे. आधी पर्यटन कंपनीचं कार्यालय, मग यतीचं देऊळ, मग गिर्यारोहणाचं सामान विकणारं दुकान, मग चहाच्या जुन्या गोदामात थाटलेलं यतीचं संग्रहालय. जो रोडी या मुख्य डिझायनरने आणि त्याच्या चमूने हिमालयात जाऊन अभ्यास केला, तिकडून खऱ्या वस्तू आणल्या. भिंतींचे पोपडे, गंजलेल्या खिळ्यांचे ओघळ, उडालेले रंग, सगळं बेतून केलेलं. माझं पोट रंग आणि लेप यांच्यावर चालतं, त्यामुळे नवा रंग पन्नास वर्षांचा दिसावा यासाठी किती कष्ट लागतात हे मला इतरांपेक्षा जरा जास्त कळतं. संग्रहालयाचे प्रमुख एक प्रोफेसर पेमा दोरजे, पीएचडी. काल्पनिकच, पण नावापुढे पदवी आठवणीने लावलेली. बाहेर पडताना पर्यटन कंपनीची पाटी आहे, की संग्रहालयातल्या मतांशी आम्ही सहमत नाही. म्हणजे तज्ज्ञ सांगतो धोका आहे, कंपनी म्हणते तिकीट काढा. इतकी वर्षं संशोधनात घालवल्यावर मला हा विनोद फार आवडला. गोष्ट सांगणारे मठ्ठ नाहीत, एवढंच सांगायचं होतं.

वडील शांतपणे सगळं बघत होते. फलाटावर आल्यावर त्यांनी गाडीकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "ड्रायव्हर कुठाय गं?"

"बाबा, ही राईड आहे. ड्रायव्हर नसतो."

"ते कळलं. पण यांच्या गोष्टीत तरी आहे का? ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, कोणी?"

मी आठवून पाहिलं. नाही. ते बाजूच्या दाराने बाहेर पडले आणि आम्ही गाडीत बसलो. बाहेर आल्यावर मी त्यांना उखडलेल्या रुळांचं आणि यतीचं सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "मग किमन काय करत होता?"

किमन म्हणजे रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासत जाणारा, सैल झालेल्या किल्ल्या हातोड्याने ठोकून बसवणारा माणूस. रेल्वेतल्या माणसाच्या दृष्टीने रूळ तुटला की पहिला प्रश्न हाच. मी हसले. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण त्या रांगेत चाळीस-पन्नास मिनिटं मी चहाच्या कंपनीची खोकी पाहिली, गोदाम पाहिलं, रेल्वे पाहिली, आणि चहा खुडणारी, पेट्या वाहणारी, रूळ टाकणारी एकही व्यक्ती त्या कथेत मला भेटली नाही. भेटले ते पर्यटन कंपनीचे मालक, दुकानदार, प्रोफेसर आणि यती.

खऱ्या जगात अशी रेल्वे आहे. दार्जिलिंगची, दोन फुटी गेजची, १८८१ सालची. तीसुद्धा उलटी चालते! चढ फार असला की गाडी थोडी पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे, अशी झेडच्या आकारात डोंगर चढते. त्या युक्तीला यती लागत नाही. सांधे बदलणारी माणसं लागतात.

आणि चहाच्या मुलखातली रेल्वे एकदा खरोखर बंदही पडली होती. १९२१ च्या मे महिन्यात, सुरमा खोऱ्याकडच्या चरगोला भागातल्या चहामळ्यांतून हजारो मजुरांनी मजुरी वाढवून मागितली आणि ती मिळेना तेव्हा बायकापोरांसह मळे सोडून ते घरी जायला निघाले. 'निघाले' हे वाचायला साधं वाटतं. ज्या व्यवस्थेत १८५९ च्या कायद्याने कराराचं काम सोडणं हा गुन्हा ठरवला होता, आणि पुढे १८८२ च्या कायद्यातही आसामच्या मळेवाल्यांना पळालेल्या मजुराला वॉरंटशिवाय स्वतः पकडण्याची मुभा होती, त्या व्यवस्थेतून उठून चालू लागणं हे बंडच होतं. ही माणसं चाँदपूरच्या स्टेशनावर आणि घाटावर अडकली. २० मेच्या रात्री गुरखा शिपायांनी त्यांना मारत स्टेशनाबाहेर काढलं. पाठोपाठ कॉलरा पसरला. आणि याचा निषेध म्हणून आसाम-बंगाल रेल्वेच्या कामगारांनी संप केला, स्टीमरवाले त्यात उतरले. दीनबंधू अँड्र्यूज तिथे धावले, चित्तरंजन दास गेले, जतींद्रमोहन सेनगुप्त संपाच्या पुढे होते.

म्हणजे चहाची गाडी थांबली होती, आणि ती का थांबली तेही माहीत आहे. माणसांनी थांबवली. डिस्नेच्या गोष्टीत तोच काळ आहे, तोच चहा आहे, तीच बंद पडलेली गाडी आहे, फक्त खापर यतीवर फुटलं आहे. (आपल्याकडे यती म्हणजे संन्यासी. त्या बिचाऱ्या संन्याशालाही कोणी विचारलेलं नाही. शिवाय त्या डोंगरातला २५ फुटी यांत्रिक यती उद्घाटनानंतर काही महिन्यांतच हलेनासा झाला आणि त्यानंतर वर्षानुवर्षं त्याच्यावर नुसता लुकलुकणारा दिवा मारून तो हलल्याचा भास केला गेला.)

यावर वाढदिवसाच्या पार्टीत उत्तर आलं, "आनंदपूर काल्पनिक आहे, आसाम नाही. मुलांच्या करमणुकीत कॉलरा दाखवायचा का?" नको. पण मग मला हे सांगा की काल्पनिक राज्यात राजा चालतो, 'रॉयल' कंपनी चालते, गोदामाचा गंज हुबेहूब चालतो, आणि काल्पनिक मजूर तेवढा का चालत नाही? ज्यांनी खिळ्याच्या ओघळाचाही अभ्यास केला त्यांना मजूर दिसलाच नाही, हे पटण्यासारखं आहे का?

एकदा हे दिसलं की आनंदपुरातल्या बाकीच्या गोष्टीही एकाच साच्यातल्या वाटू लागतात. 'काली'ची गोष्ट अशी की चोरट्या जंगलतोडीने खोरं उजाड होतंय आणि तराफ्याच्या सहली काढणारी एक स्थानिक उद्योजिका तिला तोंड देते आहे. बाई आहे, स्थानिक आहे, चांगलं आहे. पण तोडलेलं लाकूड जातं कुठे, विकत कोण घेतं, याबद्दल अक्षर नाही. पलीकडे 'महाराजा जंगल ट्रेक'मध्ये राजाच्या शिकारीच्या जागेचं अभयारण्य झालेलं आहे, पडक्या महालात वाघ बसलेत. रणथंबोर डोळ्यांसमोर येतं. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत रणथंबोर होतं आणि आपला मेळघाटही. दोन्हीकडे वाघासाठी गावं उठवली गेली. मेळघाटातल्या कोरकूंना विचारा, राजाच्या शिकारीपासून अभयारण्यापर्यंतचा रस्ता कोणाच्या घरावरून गेला. आनंदपुरात तो रस्ता सरळ आणि मोकळा आहे. चहा गेला, पर्यटक आले. जंगल तुटलं, पर्यटक वाचवतील. शिकार संपली, पर्यटक वाघ बघतील. तिन्ही गोष्टींत तारणहार तिकीट काढून आत आलेला आहे. तिकीट काढणाऱ्याला ही गोष्ट आवडली नाही तरच नवल.

आणि तिकीट काढणारे आपण आहोत, हे विसरू नका. सहीपत्रकातला 'आपला अपमान' वाचताना मला हाच प्रश्न पडला. आपण म्हणजे कोण? एच-वन आणि ग्रीन कार्डवाले, मुलांना नाताळच्या सुटीत चार दिवस ऑरलँडोला नेऊ शकणारे. आनंदपूर आपल्यासाठी सजवलंय. आपल्याला तिथे देवीचं नाव खुपतं, मजुराची गैरहजेरी खुपत नाही, कारण घरच्या गोष्टींतही तो फारसा हजर नव्हता.

'कंपनी काही ऐकत नाही, निदान नाव तरी बदलून घेऊ' असंही एकाने म्हटलं. हे खरं नाही. लोकांनी नीट बोट ठेवलं तर कंपनी गोष्टच बदलते. १९८९ साली डिस्नेलँडमध्ये 'स्प्लॅश माउंटन' उघडली. 'साँग ऑफ द साउथ' या १९४६ च्या सिनेमावरची. त्यातलं यादवी युद्धानंतरच्या दक्षिणेतल्या मळ्याचं गोडगोड चित्र इतकं अडचणीचं, की कंपनीने तो सिनेमा अमेरिकेत घरी बघण्यासाठी कधी विकलासुद्धा नाही. राईड मात्र तीस वर्षांहून अधिक चालली. जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर देश पेटलेला असताना, ती बदलण्याची घोषणा झाली. अमेरिकेतल्या दोन्ही राईड्स २०२३ मध्ये बंद झाल्या आणि २०२४ मध्ये त्याच पाण्याच्या पाटावर, त्याच उतारावर 'टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर' सुरू झाली. उतार तोच, गोष्ट नवी.

या नव्या गोष्टीत काय आहे ठाऊक आहे? कृष्णवर्णीय राजकन्या टियाना हिचा 'टियानाज फूड्स' हा खाद्यपदार्थांचा उद्योग, आणि तो कामगारांच्या मालकीचा सहकारी उद्योग आहे! (सहकार म्हटल्यावर आपल्याकडे साखर कारखान्यांवर तासभर बोलता येईल, पण ते पुन्हा कधीतरी.) मला आनंद झाला, खोटं का बोलू. पण लगेच आठवलं, की कॅलिफोर्नियात अनाहाइम शहराच्या मतदारांनी २०१८ मध्ये शहराकडून सवलत घेणाऱ्या रिसॉर्टमधल्या कामगारांना किमान जगण्यापुरता पगार द्यावा असा कायदा मंजूर केला, तेव्हा तो आपल्याला लागू नाही अशी भूमिका याच कंपनीने कोर्टात घेतली. कामगार अपिलात जिंकले २०२३ मध्ये, आणि २०२४ च्या अखेरीला २३ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड झाली. २०१८ च्याच एका पाहणीत डिस्नेलँडच्या सुमारे तीन चतुर्थांश कामगारांनी महिन्याचा मूलभूत खर्च पगारात भागत नाही असं सांगितलं होतं. म्हणजे कामगार मालक असतो तो पाण्याखालून चालणाऱ्या पट्ट्यावर, रबरी कातड्याखाली. तराफ्याला हात देऊन तुम्हाला उतरवून घेणारा जिवंत माणूस मात्र भाड्याच्या विवंचनेत.

त्या माणसाला तिथे कामगार म्हणतही नाहीत. तो 'कास्ट मेंबर'. गणवेश म्हणजे 'कॉस्च्युम', ड्यूटीवर असणं म्हणजे 'ऑन स्टेज'. मजुराला गोष्टीत घ्यायचं नाही आणि खऱ्या मजुराला गोष्टीतलं पात्र करून टाकायचं, ही दोन्ही कामं एकाच कार्यालयात होतात. वॉल्ट डिस्नेच्या काळापासूनची सवय आहे ही. १९४१ मध्ये त्यांच्या चित्रकारांनी संप केला तेव्हा त्यांनाही त्यामागे कामगारांची गाऱ्हाणी दिसली नाहीत, कम्युनिस्ट दिसले, आणि १९४७ मध्ये त्यांनी काँग्रेसच्या समितीपुढे जाऊन तसं सांगितलंही. यती काय आणि कम्युनिस्ट काय, कोणीतरी डोंगराआडून आल्याशिवाय आपली गाडी थांबूच शकत नाही, असं मालकाला वाटत असतं.

तर मंडळी, सही करायला माझी ना नाही. मसुदा वेगळा हवा. 'काली'चं नाव राहिलं काय, गेलं काय. मला संग्रहालयाच्या त्या गोदामात एक हजेरीपत्रक टांगलेलं हवं आहे. मजुरांची नावं, दिवसाची मजुरी, कापून घेतलेली रक्कम. डिझायनरांना ते जुनाट दिसेल असं रंगवता येईल, त्यात ते वाकबगार आहेत. आणि शिखरावर गाडी थांबते तिथे रूळ मोडलेले नकोत. रुळांवर माणसं बसलेली हवीत, पोरंबाळं घेऊन. गाडी पुढे जाऊ शकत नाही म्हणून उलटी फिरते. उतार तोच ८० फुटांचा ठेवा, किंकाळ्या कमी होणार नाहीत याची हमी मी देते.

मसुदा मी लिहायला घेतला आहे, ज्यांना हातभार लावायचा असेल त्यांनी उलटटपाली कळवावं. वडिलांना फोनवर वाचून दाखवला. ते १९७४ च्या रेल्वे संपात वीस दिवस होते, त्यामुळे निवेदनांच्या भाषेबद्दल त्यांची ठाम मतं आहेत. त्यांनी दोन विशेषणं काढायला लावली आणि एक मागणी वाढवायला सांगितली. ती पाचव्या क्रमांकावर घातली आहे: आनंदपूर रेल्वेने ताबडतोब एक किमन नेमावा, कायमस्वरूपी.